बडे भाई : व्हेरियर एल्विन

भोपाळ शहरात भेलच्या कारखान्यापलीकडे, अयोध्या बायपासला लागून अयोध्या नगर नावाची वसाहत आहे. मी गेली काही वर्षे तेथे राहतो. दर नोव्हेंबरात आमच्या गल्लीत एक देखावा हमखास दिसतो. १५ नोव्हेंबर हा बिरसा मुंडा यांचा जन्मदिवस. २०२१ पासून तो जनजातीय गौरव दिवस म्हणून देशभर पाळला जातो, आणि त्याचा पहिला मोठा सोहळा आमच्याच शहरात, जंबुरी मैदानावर झाला होता. त्या सुमारास मुलांना आदिवासी पोशाखात पाठवा, अशी शाळेची चिठ्ठी घरी येते. मग आया बिचाऱ्या अशोकाची पाने दोऱ्यात ओवून मुलांच्या कमरेला बांधतात, गालांवर पांढरे ठिपके काढतात, डोक्याला कोंबड्याचे पीस खोचतात आणि हातात पुठ्ठ्याचा भाला देऊन त्यांना रिक्षात बसवितात. मुले खूष असतात. डिंडोरी-मंडल्याकडून पोट भरायला आलेली गोंड कुटुंबेही या भागात आहेत. त्यांचीही मुले इतरांसारखाच गणवेश घालून शाळेत जातात. त्यांनी त्या दिवशी काय घालून यावे, हे त्या चिठ्ठीत लिहिलेले नसते.

यंदाच्या अंकासाठी एखाद्या नामवंताचे चरित्र लिहून द्या, असे संपादकांनी कळविले तेव्हा मला व्हेरियर एल्विन हेच नाव सुचले. बिरसा मुंडांवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. एल्विन हे एके काळी देशभर गाजलेले नाव. आज ते मानवशास्त्राच्या वर्गापुरते उरले आहे. वास्तविक त्यांचे हिंदुस्थानातील आयुष्य सुरू झाले ते आपल्या पुण्यात, आणि मध्य प्रांताच्या जंगलात वीस वर्षे त्यांना साथ दिली ती एका मराठी माणसाने. आदिवासी मुलाला शाळेने काय द्यावे आणि त्याच्यापासून काय काढून घेऊ नये, हा प्रश्न त्यांनी जसा अंगाला लावून घेतला तसा फार थोड्यांनी घेतला असेल. ते कुठे चुकले तेही याच प्रश्नाच्या आसपास चुकले, असे माझे मत आहे. ते पुढे येईलच.

हॅरी व्हेरियर हॉलमन एल्विन यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०२ रोजी इंग्लंडमधील डोव्हर येथे झाला. वडील पश्चिम आफ्रिकेत सिएरा लिओनचे बिशप होते. १९०९ साली ते वारले आणि आईने कडक धार्मिक शिस्तीत मुलांना वाढविले. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात व्हेरियरने इंग्रजी साहित्य आणि ईश्वरशास्त्र या दोन्ही विषयांत पहिला वर्ग मिळविला. धर्मोपदेशकाची दीक्षा झाली, ऑक्सफर्डमध्येच एका धर्मविद्यालयाचे उपप्राचार्यपद मिळाले. पुढची वाट सरळ होती. एखाद्या मोठ्या चर्चमध्ये बढती मिळत जावी, उतारवयात बिशप व्हावे, असेच कुणीही म्हटले असते. पण १९२७ च्या अखेरीस हा पंचविशीतला तरुण हिंदुस्थानात निघून आला. आपल्या देशबांधवांनी या देशावर जे लादले त्याची थोडीफार भरपाई व्हावी, अशी त्याची भावना होती. एखाद्याला हे भाबडे वाटेल. राज्यकर्त्या समाजात जन्मलेल्या किती जणांना अशी भावना झाली, हे मोजले म्हणजे तिची किंमत कळते.

पुण्याला त्या वेळी क्रिस्त सेवा संघ नावाचा एक आश्रम होता. फादर विन्स्लो यांनी तो काढला होता. तेथे युरोपीय आणि हिंदी मंडळी एकत्र राहत, खादी वापरीत, जमिनीवर बसून जेवत. एल्विन या आश्रमात दाखल झाले. १९२८ च्या जानेवारीत ते साबरमतीला गेले आणि गांधीजींच्या प्रभावाखाली आले ते इतके की पुढील चार वर्षांत इंग्रज सरकारच्या दृष्टीने हा गोरा पाद्री सरळसरळ काँग्रेसचा माणूस झाला. सविनय कायदेभंगाच्या काळात त्यांनी सत्याग्रहाच्या बाजूने पुस्तिका लिहिल्या. वायव्य सरहद्दीवर खुदाई खिदमतगारांवर झालेल्या दडपशाहीची चौकशी करायलाही ते गेले.

याच आश्रमात त्यांना शामराव हिवाळे भेटले. शामराव मराठी ख्रिस्ती घराण्यातले. त्यांचे बंधू डॉ. भा. पां. हिवाळे यांनी पुढे १९४७ साली अहमदनगर कॉलेज काढले, त्यामुळे ते नाव आपल्याकडील प्राध्यापकांना परिचित असेल. शामराव मात्र प्रसिद्धीपासून दूर राहिले. एल्विन विद्वान, लहरी, चटकन उमेद धरणारे आणि चटकन खचणारे. शामराव हसतमुख, माणसांत रमणारे, कुणाच्याही चुलीजवळ जाऊन बसणारे. हरिजनांत काम करावे असे एल्विन यांच्या मनात होते. परंतु आदिवासींकडे कुणाचेच लक्ष नाही, मध्य प्रांतातल्या गोंडांत जा, असे जमनालाल बजाज यांनी सुचविले. १९३२ च्या जानेवारीत हे दोघे मंडला जिल्ह्यातील करंजिया या गावी जाऊन राहिले. अमरकंटकाच्या जवळची, मैकल पर्वताच्या कुशीतली ही जागा. आज ती डिंडोरी जिल्ह्यात येते. गोंडांनी एल्विनना बडे भाई म्हणायला सुरुवात केली आणि शामरावांना छोटे भाई.

सुरुवातीचे दिवस कठीण गेले. त्याच वर्षी एल्विन इंग्लंडला गेले तेव्हा सरकारने त्यांना परत येऊ देण्याचे नाकारले. राजकारणात भाग घेणार नाही, गोंडांतच काम करीन, असे लेखी दिल्यावरच परवाना मिळाला. दुसरीकडे नागपूरचे बिशप त्यांना धर्मोपदेशकाचा परवाना देईनात, कारण राजनिष्ठेची शपथ घ्यायला एल्विन तयार नव्हते. एका बाजूला सरकारचा संशय, दुसऱ्या बाजूला चर्चचा. अखेर १९३५ साली त्यांनी चर्च सोडले. गोंडांना ख्रिस्ती करावे असे त्यांना वाटेनासे झाले होते, एवढेच नव्हे तर त्यांच्यापाशी जे आहे तेच आपण शिकावे असे वाटू लागले होते. पाद्री म्हणून आलेल्या माणसाला हे चर्चमध्ये राहून म्हणता येत नाही.

करंजियात दोघांनी गोंड सेवा मंडळ काढले. दवाखाना, कुष्ठरोग्यांसाठी आसरा आणि शाळा असे कामाचे स्वरूप होते. पहिल्या शाळा आश्रमी वळणाच्या होत्या. सकाळी प्रार्थना, मग वाचन-लेखन, मग चरखा. गंमत अशी की त्या डोंगरात कापूस पिकतच नाही. सूत काढण्यासाठी कापूस बाहेरून आणायचा आणि स्वावलंबनाचा धडा द्यायचा! एल्विन यांच्या नजरेतून हे सुटले नाही. गांधीजींविषयी त्यांचा आदर कायम राहिला, परंतु येथून त्यांची वाट वेगळी होऊ लागली. संयम, मद्यपाननिषेध, सोवळेपणा ही सगळी बाहेरून आणलेली तत्त्वे त्यांना या कापसासारखीच वाटू लागली. महुआची दारू गोंडांच्या लग्नात, मर्तिकात, देवकार्यात लागते. सरकारने ती घरी गाळण्यावर बंदी घातली आणि ठेकेदाराची दुकाने उघडली. म्हणजे देवाचे घरातले पेय गुन्हा ठरले आणि तेच दुकानातून विकत घेणे कायदेशीर झाले.

शाळेच्या बाबतीत त्यांची शंका वाढत गेली. गोंडाचे मूल शाळेत येते तेव्हा शंभर झाडांची नावे आणि उपयोग त्याला येत असतात, पाऊलखुणा ओळखता येतात, शेकड्यांनी गाणी पाठ असतात. शाळेच्या लेखी ते कोरी पाटी असते. पुस्तकातले गाव त्याचे नाही, सण त्याचे नाहीत, भाषा पुरती त्याची नाही. चार वर्षे शिकून ते मूल एवढेच शिकते की आपले आईबाप अडाणी आहेत. नांगर धरायची त्याला लाज वाटते आणि कारकुनाची जागा तर त्याला मिळत नाही. आपल्या कॉलेजात मराठी आणि कन्नड अशी दोन्ही घरांतली मुले शिकतात. घरची भाषा एक आणि फळ्यावरची दुसरी असली म्हणजे पहिल्या इयत्तेतले मूल किती महिने गप्प बसते, हे सीमाभागातल्या कोणत्याही शिक्षकाला विचारावे. गोंड किंवा बैगा मुलाच्या वाट्याला ही अडचण तर होतीच, शिवाय त्याचा रंग, त्याचे नाव, त्याचा डबा यांवरून होणारी हेटाळणीही होती.

ही हेटाळणी केवळ वर्गातल्या टवाळ मुलांची नव्हती. ती त्या काळच्या शास्त्रातच होती. रिस्ले नावाचे एक मोठे इंग्रज अधिकारी होते. १९०१ च्या शिरगणतीचे काम त्यांच्याकडे होते. माणसाच्या नाकाची लांबी-रुंदी मोजून त्याचा वंश आणि समाजातले त्याचे स्थान ठरविता येते, असे त्यांचे म्हणणे होते. नाक जितके बसके तितका माणूस खालच्या पायरीचा. आज हे हास्यास्पद वाटते, पण असल्या मोजमापांवर जाडजूड सरकारी ग्रंथ निघाले आणि विद्यापीठांतून शिकविले गेले. एल्विन यांनी मानवशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. माझ्या मते ते त्यांच्या पथ्यावरच पडले. त्यांचा पिंड साहित्याचा. त्यांनी गाणी, कोडी, कथा, स्वप्ने गोळा केली. शामरावांच्या सहकार्याने त्यांनी मैकल डोंगरातल्या लोकगीतांचा संग्रह काढला. ज्याचे गीत आपण समजून घेतो त्याला खालच्या पायरीवर बसविणे अवघड जाते.

१९३९ साली त्यांचा बैगांवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बैगांची शेती म्हणजे बेवर. डोंगरउतारावरची झाडी तोडायची, वाळल्यावर जाळायची आणि राखेत बी फेकायचे. नांगर चालविणे म्हणजे धरतीमातेची छाती फाडणे, अशी त्यांची श्रद्धा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जंगल खाते आले आणि या झाडीची किंमत घनफुटांत होऊ लागली. रेल्वेला स्लीपर हवे होते. बेवर बंद करण्यात आली, धनुष्यबाण बाळगण्यावर बंदी आली, जे जंगल कालपर्यंत घर होते त्यात पाऊल टाकणे अपराध झाला. १८९० साली मंडला जिल्ह्यात सुमारे चोवीस हजार एकरांचा एक तुकडा आखून तेथेच काय ती बेवर करा, असे बैगांना सांगण्यात आले. त्याला बैगा चक म्हणतात. इंग्रजांचा हेतू वाईटच होता असे नाही. पुष्कळ अधिकाऱ्यांना मनापासून वाटत होते की या लोकांना शहाणे शेतकरी बनवावे. पण ज्याचे जंगल काढून घेतले त्याला त्याच जंगलाचा एक कोपरा उपकार म्हणून परत देण्याची ही रीत होती. लोखंड गाळणाऱ्या अगरियांची गत वेगळी नव्हती. त्यांच्या भट्ट्यांवर कर बसला आणि बाजारात कारखान्याचे स्वस्त लोखंड आले. १९४२ साली एल्विन यांनी त्यांच्यावरही एक ग्रंथ लिहिला. एका कसबी जमातीचा धंदा कसा बसतो, याची ती तपशीलवार हकीगत आहे.

जगात इतरत्र हेच चालले होते आणि तिकडे शाळा हेच मुख्य हत्यार होते. अमेरिकेत १८७९ साली कार्लाइल येथे मूलनिवासी मुलांसाठी निवासी शाळा निघाली. केस कापायचे, नाव बदलायचे, स्वतःची भाषा बोलल्यास शिक्षा करायची. कॅनडात अशा शाळांतून दीड लाखांवर मुले गेली. त्या शाळांतल्या मृत्यूंचा आणि छळाचा सविस्तर अहवाल २०१५ साली बाहेर आला. ऑस्ट्रेलियात आईबापांपासून काढून नेलेल्या मुलांची माफी तेथील पंतप्रधानांनी संसदेत मागितली ती २००८ साली. आपल्याकडे असे काही नव्हते, असे म्हणायचा मोह होतो. पण १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात मुलांना आईबापांपासून अलग करून सुधारशाळेत ठेवण्याची तरतूद होती, आणि त्या कायद्याखालची तारेच्या कुंपणातली वसाहत सोलापुरात होती. तो कायदा १९५२ साली गेला. आपल्या भागातल्या वाचकांना हे कॅनडाहून जवळचे आहे.

बस्तरात तर १९१० साली मोठा उठाव झाला. त्याला भूमकाल म्हणतात. त्यात आदिवासींनी पोलीस चौक्या आणि सावकारांच्या घरांबरोबर शाळाही जाळल्या. ज्ञानाशी त्यांचे वैर होते काय? शाळेच्या नावाने वसुली होई, बेगार घेतली जाई, आणि मास्तर हा त्यांच्या लेखी सरकारचाच आणखी एक शिपाई होता. याच बस्तरात पुढे एल्विन यांनी मुरिया जमातीच्या घोटुलाचा अभ्यास केला. घोटुल म्हणजे गावातल्या अविवाहित मुलामुलींचे एकत्र राहण्याचे घर. बाहेरच्या सुधारकांना ते अनाचाराचे ठिकाण वाटे. एल्विन यांना तेथे शिस्त दिसली. मोठी मुले लहानांना शिकवितात, गावच्या लग्नात राबतात, झाडलोट करतात, चुकणाऱ्याला दंड करतात, आणि हे सारे कुणा मास्तराच्या छडीशिवाय. १९४७ साली आलेला हा ग्रंथ त्यांचा सर्वोत्तम मानला जातो. घोटुलाचे चित्र त्यांनी जरा जास्तच गुलाबी रंगविले आहे, असे मला वाचताना वाटत राहिले. परंतु ज्याला सगळे शाळेचा अभाव म्हणत होते, तेथे एक शाळाच आहे, हे दाखविणारे ते पहिलेच.

येथे त्यांच्यावर आलेल्या आक्षेपांकडे वळले पाहिजे. बैगांसाठी एक राखीव प्रदेश असावा, तेथे बाहेरचा सावकार, ठेकेदार, पाद्री, प्रचारक कुणी येऊ नये, असे एल्विन यांनी सुचविले होते. त्यासाठी त्यांनी राष्ट्रीय उद्यानाची उपमा वापरली. ती त्यांना फार महाग पडली. माणसांना प्राणिसंग्रहालयात ठेवणारा इंग्रज, असे नाव त्यांना चिकटले. ठक्कर बाप्पांनी १९४१ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत दिलेल्या व्याख्यानात आदिवासींना वेगळे ठेवण्याच्या धोरणाला विरोध केला. भिल्लांत राहून ज्यांनी हाडांची काडे केली त्या माणसाचा हा विरोध होता, तो सहज झटकता येण्याजोगा नव्हता. १९४३ साली मुंबई विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी या प्रश्नावर पुस्तकच लिहिले. घुर्ये मूळचे मालवणचे. आदिवासी हे वेगळे कुणी नसून मागे राहिलेले हिंदूच आहेत, तेव्हा त्यांनी उरलेल्या समाजात मिसळावे, असा त्यांचा युक्तिवाद. गंमत म्हणजे १९४४ च्या सुमारास मंडल्यातल्या मिशनरी शाळांवर, त्या शिक्षणाच्या वाटेने धर्मांतर घडवितात म्हणून, जाहीर टीका करण्यात एल्विन आणि शामराव पुढे होते, आणि त्या वेळी ठक्कर बाप्पा त्यांच्याच बाजूला होते.

या वादात कोण बरोबर? विद्यार्थ्यांनी मूळ पुस्तके काढून वाचावीत. मला दोन्हीकडे एक गोष्ट खटकते. मिसळावे की वेगळे राहावे, हे ऑक्सफर्डचा पदवीधर, मुंबईचा प्राध्यापक आणि दाहोदचा सेवक ठरवीत होते. बैगांच्या बाजूने बोलणारे अनेक झाले. बोलणारा बैगा त्या सभागृहात नव्हता.

आणि आता कोसी. एल्विन यांच्या चाहत्यांना हा विषय नको असतो, पण तो टाळून त्यांचे चरित्र लिहिता येत नाही. ४ एप्रिल १९४० रोजी एल्विन यांनी कोसी नावाच्या राजगोंड मुलीशी लग्न केले. ती रैतवार गावची आणि त्यांच्याच शाळेतली विद्यार्थिनी. एल्विन सदतीस वर्षांचे होते. तिचे वय बहुतेक लिखाणात तेरा असे दिले जाते. त्या काळी आपल्याकडेही अशी लग्ने होत, गोंड रिवाजाप्रमाणे सर्व विधी झाले, हे सांगितले जाते आणि ते खरे आहे. तरीही शाळा काढणाराने शाळेतल्या मुलीशी लग्न करावे, यात जो प्रश्न आहे तो रिवाजाने मिटत नाही. ती त्यांची विद्यार्थिनी होती, त्यांच्या अभ्यासाचा विषय असलेल्या समाजातली होती, आणि त्यांच्यावर अवलंबून होती. दोन मुलगे झाले. संसार टिकला नाही. १९४९ साली कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात घटस्फोट झाला. डिंडोरीच्या जंगलातल्या एका बाईला कलकत्त्याच्या कोर्टात आपले म्हणणे मांडता येईल, असे कुणालाही वाटले असेल असे मला वाटत नाही. जंगल कायदा आदिवासीला कळत नाही अशा भाषेत लिहिला जातो, म्हणून ज्याने रान उठविले, त्याच्या घरात हे घडले.

स्वातंत्र्यानंतर पुष्कळ गोरे मित्र मायदेशी परतले. एल्विन राहिले. १९४६ पासून काही काळ ते भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षण संस्थेचे उपसंचालक होते. १९५३ साली पाटनगढच्या लीला या प्रधान जमातीच्या स्त्रीशी त्यांनी दुसरे लग्न केले आणि हा संसार अखेरपर्यंत टिकला. १९५४ साली त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतले. त्याच वर्षी ईशान्य सीमा प्रदेशाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलाच्या, प्रशासनाचे आदिवासीविषयक सल्लागार म्हणून त्यांची नेमणूक झाली व ते शिलाँगला गेले. ज्याला सरकार परत येऊ देत नव्हते तो आता सरकारचा सल्लागार झाला होता.

मंडल्यात जे उशिरा कळले ते त्यांनी येथे आधीपासून लागू करून पाहिले. अधिकाऱ्यांसाठी त्यांनी १९५७ साली एक पुस्तक लिहिले आणि त्याच्या दुसऱ्या आवृत्तीला पंडित नेहरूंनी प्रस्तावना जोडली. तिच्यातली पाच सूत्रे पुढे आदिवासी धोरणाची पंचसूत्री म्हणून ओळखली गेली. लोकांवर काही लादू नये, जमीन व जंगलावरचे त्यांचे हक्क मानावेत, कारभारासाठी त्यांच्यातलीच माणसे तयार करावीत, योजनांचा भडिमार करू नये आणि यश खर्चलेल्या पैशावरून नव्हे तर माणसावरून मोजावे, असा त्यांचा आशय. शाळांबाबत एल्विन यांचा कटाक्ष असे. मुलांना खाकी चड्डी आणि पांढरा सदरा चढविण्याऐवजी त्यांच्या आयांनी मागावर विणलेले कापड अंगावर असू द्यावे, पहिली पुस्तके त्यांच्या बोलीत असावीत, त्यांत त्यांच्या कथा आणि त्यांचे डोंगर असावेत. क्रमिक पुस्तके त्या त्या बोलींतून तयार करण्याचे काम तेथे झाले. बदल्यांवर येणाऱ्या अधिकाऱ्यांना हे सारे लाड वाटत आणि लोकसभेतही टीका होई. एल्विन पायी दौरे करीत राहिले. प्रकृती खालावत होती. १९६१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

शामराव मागे पाटनगढला राहिले. १९४६ साली त्यांची दोन पुस्तके आली. एक नर्मदाखोऱ्यातल्या प्रधान जमातीवर, आणि दुसरे खुद्द एल्विन यांच्यावर. म्हणजे एल्विन यांचे पहिले चरित्र एका मराठी माणसाने लिहिले. प्रधान हे गोंडांचे भाट. बाना नावाचे तंतुवाद्य वाजवून राजांच्या आणि देवांच्या कथा गाणारे. शामराव ज्या गावात राहिले त्याच पाटनगढचा जनगढसिंह श्याम हा तरुण १९८०-८२ च्या सुमारास भोपाळच्या भारत भवनात आला आणि त्याने बान्यावरच्या देवांना कागदावर, भिंतीवर उतरविले. २००१ साली जपानमध्ये त्याचा मृत्यू झाला. आज त्याच्या गावची कितीतरी कुटुंबे भोपाळात चित्रे काढून जगतात. श्यामला हिल्सवरच्या जनजातीय संग्रहालयात त्यांचे काम पाहायला परदेशातून माणसे येतात. कॉलेजची सहल भोपाळला आली तर सांची-भीमबेटकाबरोबर तेथे अर्धा दिवस अवश्य ठेवावा.

२२ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीत एल्विन यांचे निधन झाले. ते एकसष्ट वर्षांचे होते. अंत्यविधी शिलाँगला बौद्ध पद्धतीने झाले. त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि १९६५ साली त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. सुंदर, विनोदी, मोकळे असे ते पुस्तक आहे. कोसीच्या वाट्याला त्यात चार ओळी आल्या आहेत. कोसीबाई रैतवारलाच राहिल्या, फार हलाखीत राहिल्या, आणि २०१० साली वारल्या.

बैगा चक अजून आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली, २०१५ साली, डिंडोरी जिल्ह्यातल्या या चकातील सात गावांच्या बैगांना त्यांच्या परंपरागत वसतिस्थानावरचा हक्क देण्यात आला. देशात असा हक्क मिळालेली ती पहिली जमात. अर्ज त्यांनी ग्रामसभेतून स्वतः केले होते.